पाणबुडीचा करार सहीआधी सभागृहात आणा: पाणबुड्या विकणाऱ्या देशांच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

मान्यवर सदस्यहो,

सादर नमस्कार.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात भारतीय नौदलाची ‘खुक्री’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने पाणतीर (टॉर्पेडो) मारून बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. ‘खुक्री’ ब्रिटनमध्ये बांधलेली होती आणि ‘हंगोर’ फ्रान्समध्ये. हे दोन्ही देश त्या युद्धात नव्हते. विकलेल्या शस्त्राचे पुढे काय होते आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न मला पहिल्यांदा या घटनेविषयी वाचताना पडला आणि तो आजही सुटलेला नाही. म्हणून हे पत्र.

जिथे जिथे निवडून आलेल्या सभागृहाला आपल्या सरकारला जाब विचारण्याचा अधिकार आहे आणि जिथली गोदी परदेशांसाठी पाणबुड्या बांधते किंवा बांधू पाहते, तिथल्या प्रत्येक सदस्याला उद्देशून मी लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे. पाणबुडी विकण्याच्या करारावर सही होण्यापूर्वी तो करार, त्यातल्या मध्यस्थांच्या नावांसह आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या जबाबदाऱ्यांसह, तुमच्यापुढे आला पाहिजे आणि त्यावर तुमचे मत घेतले गेले पाहिजे.

विक्रीच बंद करा, असे माझे म्हणणे नाही, हे आधीच स्पष्ट करतो. लांब किनारा आणि छोटे नौदल असलेल्या देशाला पाणबुडीइतका आधार दुसरे कोणतेही शस्त्र देत नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची ‘सान लुइस’ ही जर्मन आराखड्याची एकटी पाणबुडी ब्रिटिश आरमाराच्या आसपास वावरत होती. तिचे पाणतीर नीट चालले नाहीत, एकाही जहाजाला तिने धक्का लावला नाही, तरी तिच्या धास्तीने ब्रिटिशांनी पाणबुडीविरोधी दारूगोळा मोठ्या प्रमाणावर समुद्रात टाकला आणि ती शेवटपर्यंत त्यांच्या हाती लागली नाही. २००५ मध्ये अमेरिकेने स्वीडनची ‘गोटलांड’ ही पाणबुडी सरावासाठी भाड्याने घेतली, तेव्हा त्या लहानशा, अणुशक्तीवर न चालणाऱ्या पाणबुडीने ‘रोनाल्ड रेगन’ या अवाढव्य विमानवाहू नौकेला कवायतीत गाठून ‘बुडवले’ होते. दुबळ्याला बलाढ्यासमोर उभे करणारे हे शस्त्र आहे. ते हवेसे वाटणाऱ्या देशांना मी दोष देत नाही. पण जे शस्त्र इतके प्रभावी आहे, ते देताना देणाऱ्याने तितकाच विचार केला आहे का, हे विचारण्याचा हक्क मला आहे असे मी मानतो.

पाणबुडीची सारी ताकद तिच्या शांततेत असते. डिझेलवर चालणारी पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की तिला पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढणारी स्नॉर्केलची नळी बाहेर काढून इंजिने सुरू करावी लागतात आणि नेमकी त्याच वेळी ती सापडण्याची भीती असते. ही गरज कमी करण्यासाठी स्वीडनने स्टर्लिंग इंजिन, जर्मनीने इंधनघट (फ्युएल सेल) आणि फ्रान्सने वाफेवर चालणारी यंत्रणा विकसित केली. हवेविना चालणाऱ्या या यंत्रणांमुळे पाणबुडी दोन-तीन आठवडे खाली राहू शकते. यंत्रे रबरी आधारांवर बसवतात, कवचावर आवाज शोषणारे थर चढवतात, पाणबुडीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याची पाती विशिष्ट वळणात घडवतात. एवढे करूनही प्रत्येक पाणबुडीचा स्वतःचा असा आवाज उरतोच. माणसाच्या बोटाचा ठसा असावा तसा हा तिचा ध्वनिठसा. तो शत्रूच्या हाती लागला की बाकीची सगळी कारागिरी वाया जाते.

या कारागिरीचे मोल विक्रेत्या देशांना चांगले ठाऊक आहे. जपानच्या तोशिबा मशीन आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्ग या कंपन्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघाच्या लेनिनग्राडमधल्या गोदीला पंख्याची पाती कोरणारी संगणकनियंत्रित यंत्रे विकल्याचे १९८७ मध्ये उघड झाले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये काही लोकप्रतिनिधींनी संसदभवनाच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. या यंत्रांमुळे सोव्हिएत पाणबुड्या नेमक्या किती शांत झाल्या, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. पात्याला आकार देणाऱ्या एका यंत्रासाठी लोकप्रतिनिधींचा एवढा संताप होतो. मग सबंध पाणबुडी, तिच्या प्रशिक्षणासह, सुट्या भागांसह आणि पुढे स्वतः बांधण्याच्या विद्येसह परदेशाला दिली जाते, तेव्हा बहुतेक सभागृहांना ती बातमी वर्तमानपत्रातून का कळावी?

जर्मनीचा ‘२०९’ हा आराखडा पाहा. १९७१ पासून साठाहून अधिक पाणबुड्या या आराखड्यावर बांधल्या गेल्या आणि डझनाहून अधिक नौदलांत गेल्या. जर्मन नौदलाने मात्र त्यातली एकही घेतली नाही, कारण तो आराखडाच निर्यातीसाठी होता. एकमेकांशी वैर असलेले ग्रीस आणि तुर्कस्तान हे शेजारी दोघेही त्याचे ग्राहक. परवाना देण्याचा निर्णय तिथे मंत्र्यांची सुरक्षा परिषद बंद दाराआड घेते आणि मंजुरी दिल्यानंतर संसदेला कळवते. झालेल्या निर्णयाची माहिती मिळणे आणि निर्णयात सहभागी असणे यांतले अंतर तुम्हाला मी सांगायला नको.

पाणबुडी लपून राहते तो तिचा धर्म आहे. पण तिच्या खरेदी-विक्रीनेही तोच धर्म उचलला आणि लष्करी गुप्ततेच्या आडोशाला दलाली सुखाने वाढली. इथे मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

ग्रीसने २००० मध्ये ‘२१४’ जातीच्या पाणबुड्यांचा करार केला. पहिली ‘पापानिकोलिस’ जर्मनीतल्या कील येथे बांधून झाली. पण खवळलेल्या समुद्रात पृष्ठभागावर असताना ती जास्त कलते, अशी तक्रार करून ग्रीसने ती स्वीकारायला नकार दिला आणि ती वर्षानुवर्षे कीलमध्येच पडून राहिली. अखेर २०१० मध्ये ती ग्रीसच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी तो देश कर्जाच्या खाईत होता आणि निवृत्तिवेतनाला कात्री लागत होती. पुढे २०११ च्या डिसेंबरमध्ये म्युनिकच्या न्यायालयाने ग्रीस आणि पोर्तुगाल यांना पाणबुड्या विकताना लाच दिल्याबद्दल फेरोश्टाल या जर्मन कंपनीच्या दोन माजी व्यवस्थापकांना दोषी ठरवले आणि कंपनीला १४ कोटी युरो भरायला लावले. २०१३ मध्ये ग्रीसचे माजी संरक्षणमंत्री आकिस त्सोहात्झोपुलोस यांना शस्त्रखरेदीतल्या लाचेचा पैसा फिरवल्याबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. हे सगळे करारानंतर दहा-तेरा वर्षांनी! आणि एक गोष्ट यात विसरली जाते. परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच १९९९ पर्यंत जर्मनीत व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा करता येत असे. म्हणजे लाच घेणारा गुन्हेगार आणि देणारा करदात्यांच्या सवलतीस पात्र, अशी व्यवस्था कायद्यानेच केलेली होती.

पाकिस्तानने १९९४ मध्ये फ्रान्सकडून तीन ‘अगोस्ता’ पाणबुड्या घेण्याचा करार केला. ८ मे २००२ रोजी कराचीत या पाणबुड्यांच्या कामावर निघालेल्या तंत्रज्ञांच्या बसजवळ स्फोट झाला आणि ११ फ्रेंच कर्मचारी ठार झाले. सकाळी कामाला निघालेली साधी माणसे होती ती. पुढे फ्रेंच तपासात असा संशय पुढे आला, की या व्यवहारातल्या दलालीचा काही भाग मायदेशी परत फिरून १९९५ च्या निवडणूक प्रचारात वापरला गेला. माजी पंतप्रधान एदुआर बालादूर २०२१ मध्ये निर्दोष सुटले आणि तत्कालीन संरक्षणमंत्री फ्रान्स्वा लेओतार दोषी ठरले. स्फोटाचा आणि त्याआधी ही दलाली थांबवली गेल्याचा संबंध होता की नाही, हे सिद्ध झालेले नाही. मृतांच्या घरच्यांनी मात्र या प्रश्नाच्या उत्तरासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मध्यस्थांची नावे आणि रकमा १९९४ मध्येच संसदेसमोर असत्या, तर निदान एवढी शंका तरी त्यांच्या वाट्याला आली नसती.

भारताचा अनुभव वेगळ्या प्रकारे बोलका आहे. १९८१ च्या करारानुसार जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीच्या चार पाणबुड्या यायच्या होत्या. दोन कीलमध्ये बांधल्या गेल्या आणि ‘शाल्की’ व ‘शंकुल’ या दोन माझगाव गोदीत. १९८७ मध्ये या व्यवहारात सात टक्के दलाली दिली गेल्याची तार आली, तत्कालीन संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी चौकशी लावली आणि थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. न्यायालयात कोणावरही दोष सिद्ध झाला नाही. पण पुढच्या पाणबुड्यांचा विचार बारगळला, आणि १९९४ मध्ये ‘शंकुल’ नौदलात गेल्यावर त्या गोदीतून पुढची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात जायला २०१७ उजाडले. तेवीस वर्षे! पाणबुडीच्या दाबकवचाचे जोडकाम हे हाताला बसलेले कसब असते. जाड, विशिष्ट पोलादाची वर्तुळाकार शिवण भरताना कारागीर तापमान, वेग आणि कोन यांचा अंदाज वर्षांच्या सरावाने घेतो, आणि प्रत्येक जोड क्ष-किरणांखाली तपासला जातो. काम थांबले की असा कारागीर निवृत्त होतो किंवा दुसरीकडे जातो, आणि त्याची विद्या कागदावर उतरवून ठेवता येत नाही. संशयाच्या एका तारेची ही किंमत आहे. विक्रेत्या देशात तो करार आधीच उघडपणे तपासला गेला असता, तर एक तर दलाली झाली नसती किंवा संशय तरी राहिला नसता.

विक्री एकदा होते आणि अवलंबित्व आयुष्यभर राहते. थायलंडने २०१७ मध्ये चीनकडून पाणबुडी घेण्याचे ठरवले आणि तिच्यात जर्मन इंजिन बसेल असे करारात होते. चीनवर १९८९ पासून युरोपीय शस्त्रबंदी असल्याने जर्मनीने इंजिन द्यायला नकार दिला. काम वर्षानुवर्षे अडले आणि शेवटी थायलंडला चिनी इंजिनावर तडजोड करावी लागली. नकार देणे चूक होते असे मी म्हणत नाही, पण ती बंदी करार होण्याआधी अठ्ठावीस वर्षे अस्तित्वात होती आणि तरीही ते इंजिन करारात लिहिले गेले, याचा जाब कोणी कोणाला विचारला? भारताच्या ‘कलवरी’ जातीच्या पाणबुड्यांसाठी निवडलेले इटालियन पाणतीर त्याच उद्योगसमूहातल्या हेलिकॉप्टर व्यवहाराच्या वादापायी रद्द झाले, आणि नव्या पाणबुड्या जुन्या पाणतीरांवर चालवाव्या लागल्या. २०१६ मध्ये याच, म्हणजे फ्रेंच ‘स्कॉर्पीन’ आराखड्याच्या, पाणबुड्यांविषयीची २२,४०० पाने फुटून वर्तमानपत्रापर्यंत पोहोचली. विकत घेणाऱ्याचे गुपित विकणाऱ्याच्या कपाटातही असते, आणि ते कपाट नीट बंद आहे की नाही हे पाहणे तुमच्या अधिकारकक्षेत येते.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यावर बहुतेक सरकारे उत्तर देणेच टाळतात. विकलेल्या पाणबुडीतून काय डागले जाऊ शकते? १९९१ च्या आखाती युद्धानंतर जर्मनीने इस्राएलला ‘डॉल्फिन’ पाणबुड्या दिल्या. त्यातल्या पहिल्या दोन पूर्णपणे आणि तिसरी अर्धी जर्मन करदात्यांच्या पैशाने. या पाणबुड्यांत नेहमीच्या ५३३ मिलिमीटरच्या नळ्यांबरोबर ६५० मिलिमीटरच्या चार नळ्या आहेत, आणि त्यातून अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र डागता येते, असे जगभरातले अभ्यासक मानतात. इस्राएल याला दुजोराही देत नाही आणि नकारही देत नाही. इस्राएलच्या सुरक्षेविषयी जर्मनीला वाटणाऱ्या जबाबदारीमागचा इतिहास मी जाणतो आणि त्याचा मला आदर आहे. तरीही आपण बांधलेल्या नळीत काय बसते, हा प्रश्न विक्रेत्या देशाच्या संसदेत विचारला गेला पाहिजे, मग ग्राहक कोणीही असो. जर्मनीने इजिप्तलाही चार पाणबुड्या दिल्या. त्या विक्रीला इस्राएलच्या नेतृत्वाची संमती होती का, यावरून तिथले राजकारण वर्षानुवर्षे ढवळून निघाले आणि २०२२ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. एका पुरवठ्याने निर्माण झालेली असुरक्षितता दुसऱ्याच्या मागणीला कारण होते. हा व्यवहार चालवणाऱ्यांना हे माहीत असते, आणि तुम्हीही ते लक्षात घ्यावे.

अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांनी या सगळ्याला एक नवे वळण दिले आहे. १५ सप्टेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका यांनी ‘ऑकस’ हा ऑस्ट्रेलियाला अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या देण्याचा संरक्षण करार जाहीर केला, ऑस्ट्रेलियाचा फ्रान्सबरोबरचा बारा पाणबुड्यांचा करार मोडला गेला, फ्रान्सने आपले राजदूत माघारी बोलावले आणि ऑस्ट्रेलियाने पुढे ५५.५ कोटी युरो देऊन ते प्रकरण मिटवले. रुसवे-फुगवे मिटतील. मला काळजी आहे ती इंधनाची. अमेरिकन आणि ब्रिटिश पाणबुड्यांच्या अणुभट्ट्यांत बॉम्बला लागते त्या दर्जाचे, नव्वद टक्क्यांहून अधिक समृद्ध केलेले युरेनियम असते. अण्वस्त्र नसलेल्या देशाने अणुइंधन पाणबुडीसाठी वापरायचे ठरवले, तर ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नेहमीच्या तपासणीतून काही काळ बाहेर ठेवण्याची मुभा सुरक्षा करारांच्या १४ व्या परिच्छेदात आहे. ती वाट आजवर कोणी वापरलेली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण एकदा मळलेली वाट पुढे कोणीही वापरू शकतो. फ्रान्स कमी समृद्ध इंधनावर आपल्या पाणबुड्या चालवतो, म्हणजे दुसरा मार्ग आहे. तो मार्ग या देशांनी का घेतला नाही, हे विचारणारे सदस्य लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये अधिक असते, तर मला बरे वाटले असते.

या साऱ्या हिशोबात पाणबुडीच्या आत राहणारी माणसे मागे पडतात. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ४४ जणांसह नाहीशी झाली. स्नॉर्केलमधून शिरलेले पाणी बॅटरीपर्यंत पोहोचल्याचा संदेश तिने पाठवला होता. ती सापडायला एक वर्ष लागले. २१ एप्रिल २०२१ रोजी इंडोनेशियाची ‘नांगाला’ ५३ जणांसह बुडाली आणि ८३८ मीटर खोलीवर तिचे तीन तुकडे आढळले. दोन्ही पाणबुड्या जर्मनीत बांधलेल्या आणि तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या होत्या. ‘नांगाला’च्या खलाशांची एक ध्वनिचित्रफीत नंतर सगळ्यांनी पाहिली. पाणबुडीच्या अरुंद जागेत एकमेकांना खेटून ते उभे आहेत, एकाच्या हाती गिटार आहे, आणि निरोपाचे एक गाणे ते हसत हसत म्हणत आहेत. ती फीत मी पुन्हा पाहू शकलो नाही. इंडोनेशियाकडे पाण्याखालून सुटका करणारे स्वतःचे जहाज नव्हते. सिंगापूरने आपले पाठवले, भारताचे निघाले, इतर देशही धावले, पण तोवर काही उरले नव्हते. सुटकेचे जहाज वेळेवर असते तरी ‘नांगाला’ वाचली नसती, कारण त्या खोलीवर कवच टिकत नाही. पण पुढची दुर्घटना उथळ पाण्यात होऊ शकते आणि तिथे तास मोजले जातात. पाणबुडी विकणाऱ्याने सुटकेच्या व्यवस्थेविना ती विकूच नये, असा नियम आजवर कोणत्या सभागृहाने केला आहे?

तुमच्या हातात साधने आहेत. २०१४ मध्ये लागू झालेला शस्त्रव्यापार करार युद्धनौकांना लागू होतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रांच्या नोंदवहीतही पाणबुड्या मोडतात. युरोपीय संघाने २००८ मध्ये शस्त्रनिर्यातीसाठी आठ निकष ठरवले आहेत. स्वीडनमध्ये निर्यात परवान्याच्या अवघड प्रकरणांत संसदेतल्या पक्षांचे प्रतिनिधी असलेल्या परिषदेशी निर्णयापूर्वी सल्लामसलत होते. अमेरिकेत मोठ्या विक्रीची सूचना काँग्रेसला आधी द्यावी लागते. म्हणजे सहीआधी विचारणे अशक्य नाही. माझी विनंती आहे, की तुमच्या पुढच्या अधिवेशनात पाणबुड्यांच्या निर्यातीपुरता तरी हा नियम ठरावाने मांडावा: मध्यस्थ कोण, त्याला किती, सुटे भाग किती वर्षे, नळ्यांत काय बसते, सुटकेची सोय काय आणि पाणबुडी निकामी झाल्यावर तिचे काय होणार, या प्रश्नांची लेखी उत्तरे मंत्र्याने सही करण्याआधी सभागृहाला द्यावीत. जो भाग खरोखर गुप्त असेल, तो समितीच्या बंद बैठकीत सांगावा. आवाजाचे आकडे मला नकोत. दलालीचे हवेत.

या पत्राचे उत्तर तुमच्यापैकी ज्यांना द्यावेसे वाटेल, त्यांनी ते मला न देता आपल्या सभागृहात प्रश्न विचारून द्यावे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नागरिक